कोरेगावला कधीच न आलेला माणूस

दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. पहाटेच्या थंडीत खेड्यापाड्यांतून आलेली माणसे, कडेवर लेकरे, हातात निळे झेंडे आणि पिशवीत बांधून आणलेली भाकरी. विजयस्तंभाला मानवंदना देऊन, पुस्तकांच्या स्टॉलवरून दोन पुस्तके घेऊन आपण घरी परततो. ही आपली भूमी आहे, हा आपला इतिहास आहे, हे कुणी सांगावे लागत नाही.

याच कोरेगावच्या नावाने चाललेल्या खटल्यात एक म्हातारा माणूस कोठडीत असताना मेला. तो आपल्या जातीचा नव्हता, आपल्या धर्माचा नव्हता, आपल्या राज्याचाही नव्हता. कोरेगावला आपण आयुष्यात कधी गेलेलोच नाही, असे त्याने अटकेच्या आधी स्वतः सांगितले होते. त्याचे नाव फादर स्टॅन स्वामी. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आपल्या विजयस्तंभाशी ज्यांचे नाव शासनाने जोडले, त्या माणसाला आपण किती ओळखतो?

पाद्री म्हटला की आपल्याकडे दोनच चित्रे डोळ्यांसमोर येतात. मनुवाद्यांच्या लेखी तो धर्मांतराचा दलाल. आपल्यातल्या अनेकांच्या लेखी तो शाळा, दवाखाना चालवणारा एक भला माणूस, ज्याचा आपल्या लढ्याशी काही संबंध नाही. दोन्ही चित्रांत स्टॅन स्वामी बसत नाहीत. म्हणूनच त्यांच्याबद्दल लिहिले पाहिजे.

तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीजवळच्या विरागलूर या खेड्यात, २६ एप्रिल १९३७ रोजी, एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९५७ साली ते येशूसंघात, म्हणजे जेझुइट पंथात दाखल झाले. हा पंथ आणि हा मुलूख यांचा एक जुना संबंध आहे. १६०६ साली मदुराईला आलेल्या रॉबर्ट डी नोबिली या इटालियन जेझुइट धर्मगुरूने ब्राह्मणांना ख्रिस्ती करण्यासाठी स्वतःच ब्राह्मणी वेष घेतला. भगवी वस्त्रे, शेंडी, जानवे, आणि अस्पृश्यांपासून दूर राहण्याचा आचारही. ख्रिस्ताचा धर्म आला, पण जातीच्या दारातून वाकून आला. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर येथील कॅथलिक दफनभूमीत दलित ख्रिश्चनांची थडगी वेगळी ठेवण्यासाठी भिंत घातली गेली. मेल्यावरही जात सुटली नाही.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या अवस्थेवर सविस्तर लिहून ठेवले आहे. त्यांचा आक्षेप स्पष्ट होता. चर्चने अस्पृश्याला बाप्तिस्मा दिला, पण त्याची जात मोडली नाही. त्याला पुढच्या जगातल्या मुक्तीचे आश्वासन दिले, पण या जगातल्या अन्यायाविरुद्ध उभे केले नाही. धर्मांतर झाले की मिशनऱ्याचे काम संपले, असेच चर्च वागले. बाबासाहेबांचा हा प्रश्न आजही चर्चच्या दारात उभा आहे. त्याच पंथाच्या, त्याच मुलखातल्या एका धर्मगुरूने या प्रश्नाला आयुष्यभर उत्तर दिले, आणि ते उत्तर त्याने व्यासपीठावरून दिले नाही, खेड्यात राहून दिले.

१९६५ च्या सुमारास ते आजच्या झारखंडमधील चाईबासाजवळच्या लुपुंगुटू येथील शाळेत शिक्षक म्हणून आले. मुले हो आदिवासी. सुट्टीत हा मास्तर मुलांबरोबर त्यांच्या गावी जाऊ लागला, त्यांच्या घरी राहू लागला, आठवडी बाजारात फिरू लागला. तिथे त्याने काय पाहिले? आदिवासी जंगलातून आणि शेतातून माल आणतो, आणि बाहेरचा व्यापारी मापात व भावात त्याला लुटतो. वर्गात हुशार असलेल्या मुलाचा बाप बाजारात मान खाली घालून उभा असतो. हे दृश्य आपल्याला परके आहे काय? आपल्या आजोबांनी गावच्या बाजारात दुसरे काय अनुभवले?

१९७० साली त्यांची गुरुदीक्षा झाली. पुढे ते हो आदिवासींच्या गावात राहिले, त्यांची भाषा बोलू लागले. देणारा आणि घेणारा हे नाते त्यांना नको होते. गरीब गरीब का राहतो, हे शिकायचे त्यांनी ठरवले. १९७५ पासून सुमारे १५ वर्षे ते बंगळूरच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटमध्ये होते. तिथे त्यांनी खेड्यांत काम करणारे कार्यकर्ते घडवले. त्या संस्थेत मान होता, सोय होती, उरलेले आयुष्य तिथे सुखात गेले असते. पण १९९१ च्या सुमारास, पन्नाशी उलटल्यावर, हा माणूस परत चाईबासाला गेला. आपल्याकडे कार्यकर्ता खेड्यातून शहरात येतो, शहरातून मुंबईत, मुंबईतून दिल्लीत. हा माणूस उलट्या दिशेने चालला.

चाईबासाला त्यांनी ‘जोहार’ या मानवी हक्क संघटनेत काम केले. २००६ साली रांचीजवळ नामकुम येथे ‘बगैचा’ हे केंद्र उभे राहिले. तिथल्या आवारात बिरसा मुंडांचा पुतळा आहे आणि जल, जंगल, जमिनीसाठी मेलेल्या आदिवासींची नावे कोरलेली शिळा आहे. आपला विजयस्तंभ ज्या कारणासाठी आपल्याला प्रिय आहे, त्याच कारणासाठी ती शिळा त्यांना प्रिय होती. ज्यांची नावे इतिहासाने लिहिली नाहीत, त्यांची नावे दगडावर लिहावी लागतात.

बगैचातल्या एका साध्या खोलीत राहून हा धर्मगुरू काय करत होता? तो संविधान वाचत होता. पाचव्या अनुसूचीप्रमाणे आदिवासींच्या सल्लागार परिषदा का काम करत नाहीत? १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला अधिकार देतो, मग ग्रामसभेला न विचारता जमिनी कशा जातात? १९९७ च्या समता निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित क्षेत्रातील जमीन खासगी खाण कंपन्यांना देण्यास मनाई केली, मग त्या निकालाचे काय झाले? २००६ चा वनहक्क कायदा झाला, मग दावे का फेटाळले जातात? हेच त्यांचे प्रश्न होते. त्यांत एकही प्रश्न बायबलचा नव्हता. सगळे प्रश्न बाबासाहेबांच्या संविधानाचे आणि त्या संविधानाखाली झालेल्या कायद्यांचे होते.

या प्रश्नांमागोमाग तुरुंगाचा प्रश्न आला. जमिनीसाठी उभा राहणारा तरुण नक्षलवादी ठरवला जातो आणि वर्षानुवर्षे कच्चा कैदी म्हणून सडतो, हे त्यांना दिसत होते. बगैचाने १०२ कच्च्या कैद्यांचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. २०१७ साली स्टॅन स्वामी सुमारे ३,००० कच्च्या कैद्यांच्या वतीने झारखंड उच्च न्यायालयात गेले. या मुलांचे खटले लवकर चालवा, त्यांना जामीन द्या, एवढेच मागणे होते. २०१८ साली पत्थलगडी आंदोलनाच्या संदर्भात त्यांच्यासह २० जणांवर देशद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. गावाच्या वेशीवरच्या दगडावर संविधानाची कलमे कोरणारे हे आंदोलन! संविधान दगडावर कोरणे हाही या देशात गुन्हा होऊ शकतो. डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या नव्या राज्य सरकारने ते गुन्हे मागे घेण्याचा निर्णय घेतला. पण तोवर दुसरा फास तयार झाला होता.

३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला आपल्या माणसांवर हल्ला झाला. २ जानेवारीला पहिली फिर्याद कुणाविरुद्ध झाली आणि तिचे पुढे काय झाले, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. तपास भलतीकडेच वळला. कवी, वकील, प्राध्यापक, विचारवंत आत गेले. २८ ऑगस्ट २०१८ आणि १२ जून २०१९ अशा दोन वेळा पुणे पोलिसांनी बगैचाची झडती घेतली. ८ ऑक्टोबर २०२० रोजी एनआयएने ८३ वर्षांच्या स्टॅन स्वामींना अटक केली आणि त्यांची रवानगी तळोजा तुरुंगात झाली. कच्च्या कैद्यांसाठी कोर्टात गेलेला माणूस स्वतः कच्चा कैदी झाला.

त्यांना कंपवाताचा आजार होता. हात थरथरत असल्याने पेला धरता येत नव्हता. ६ नोव्हेंबरला त्यांनी न्यायालयाकडे नळी असलेला पेला मागितला. एनआयएने उत्तर द्यायला २० दिवसांची मुदत मागितली आणि ती मिळाली. २६ नोव्हेंबरला उत्तर आले की पेला आम्ही जप्त केलेलाच नाही. प्रकरण पुन्हा पुढे गेले. देशभरातून लोक पेले पाठवू लागले, तेव्हा कुठे तुरुंगात पेला मिळाला. २६ नोव्हेंबर हा कोणता दिवस आहे? संविधान दिन. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी लढलेल्या समाजाला घोटभर पाण्याची किंमत कुणी समजावून सांगायची गरज नाही.

त्याही अवस्थेत तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत ते स्वतःबद्दल थोडे आणि शेजारच्या गरीब कैद्यांबद्दल जास्त लिहीत होते. आपल्यावर आरोप कोणता आहे, हेही ज्यांना माहीत नाही आणि ज्यांना वकील नाही, अशी ही माणसे. २२ मार्च २०२१ ला विशेष न्यायालयाने त्यांचा जामीन फेटाळला. २१ मे रोजी ते व्हिडिओद्वारे उच्च न्यायालयापुढे आले. आलो तेव्हा चालत होतो, लिहीत होतो, स्वतःच्या हाताने जेवत होतो, आता ते जमत नाही, असे त्यांनी सांगितले. सरकारी रुग्णालय नको, आपल्या माणसांत जाऊ द्या, ही त्यांची एकच विनंती होती. २८ मेच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवले. तिथे कोविड झाल्याचे कळले. ५ जुलैला जामिनाची सुनावणी सुरू असतानाच न्यायालयाला सांगण्यात आले की अर्जदार आता राहिलेला नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला. स्टॅन स्वामींच्या संगणकात बाहेरून शिरून आक्षेपार्ह दस्तावेज घुसवले गेले, असा तिचा निष्कर्ष आहे. एनआयएने असे अहवाल मान्य केलेले नाहीत. मग याचा निवाडा भर कोर्टात व्हायला नको होता काय? पण स्टॅन स्वामी जिवंत असेपर्यंत खटला उभाच राहिला नाही. यूएपीएमध्ये शिक्षा निकालानंतर होत नाही, निकालाची वाट पाहण्यातच होते.

आता प्रश्न आपला आहे. स्टॅन स्वामींना संत करून देव्हाऱ्यात बसवायचे नाही. चर्चने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, पण त्याच चर्चने आपल्या दफनभूमीतल्या भिंतींचाही हिशेब द्यावा. आणि आपणही आपला हिशेब द्यावा. आपल्या भूमीच्या नावावर एका आदिवासी भागातल्या कार्यकर्त्याला आत टाकले, तेव्हा आपले गट-तट काय करत होते? कुणाची खुर्ची कुठे, कुणाचा फोटो बॅनरवर किती मोठा, यातच आपण अडकलो होतो. पाचवी अनुसूची बाबासाहेबांच्या संविधानात आहे, म्हणजे ती आपलीही आहे. पण तिच्यासाठी आपण किती मोर्चे काढले? गडचिरोली, नंदुरबार, पालघरच्या आदिवासीचा प्रश्न आपल्या जयंतीच्या मंचावर किती वेळा आला?

करण्यासारखे बरेच आहे. आपल्या तालुक्याच्या कोर्टात किती कच्चे कैदी जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून आत आहेत, याची माहिती आपल्या वकील मित्रांनी काढावी. त्यांत कोण निघतील, हे सांगायला ज्योतिषी नको. पेसा कायदा आणि पाचवी अनुसूची सोप्या मराठीत छापून विहाराविहारांत वाचावी. फादर स्टॅन स्वामींच्या स्मृतीला याहून मोठे अभिवादन नाही, कारण ते स्वतः हेच करत होते.

पुढच्या १ जानेवारीला विजयस्तंभापुढे उभे राहाल, तेव्हा त्या म्हाताऱ्याचीही आठवण ठेवा. तो जिवंतपणी तिथे कधी आला नाही. पण आपल्या कोरेगावच्या नावाने त्याने तुरुंग भोगला, पाण्याच्या पेल्यासाठी अर्ज केला आणि आपल्या माणसांत परतायची वाट पाहत तो गेला. त्याची रक्षा झारखंडला गेली. त्याचे ऋण मात्र इथे, आपल्याकडे राहिले आहे.