अक्षराचं माप कुणाच्या हाती?

छापखान्यात खिळा एकदा ओतला की अक्षराचा आकार ठरला. पॅरिसच्या पियेर सिमों फुर्नियेने १७३७ मध्ये खिळ्यांसाठी पॉइंटचं कोष्टक मांडलं, तेही छापणाऱ्याच्या सोयीसाठी. वाचणाऱ्याला विचारतो कोण?

ही रीत मोडायची संधी वेबने दिली. होकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये सर्नमध्ये असताना सीएसएसचा, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचा, प्रस्ताव मांडला. बर्ट बॉस यांच्यासह लिहिलेली पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाण ठरली. तीत इंच, सेंटिमीटर, पॉइंट होतेच. शिवाय ‘एम’ होता, म्हणजे अक्षराच्या चालू आकारावर बेतलेलं माप. वाचकाने अक्षर वाढवलं की त्यावर बांधलेले समास आणि ओळीही वाढणार.

छापील पानावर पोसलेल्या डिझायनरांना हे सैल वाटलं. त्यांनी सगळं पिक्सेलमध्ये ठोकून बसवलं. इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये तर असा मजकूर ‘टेक्स्ट साइज’ बदलूनही मोठा होत नसे. बरं, पिक्सेल तरी कुठे पक्का होता? २०१० च्या आयफोन ४ मध्ये सीएसएसच्या एका पिक्सेलमागे पडद्याचे चार ठिपके होते. २०११ च्या सीएसएस २.१ ने एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल हे गणित कायम केलं. पडद्यावरचा इंच पट्टीवरच्या इंचाशी जुळेलच, ही अपेक्षा मात्र सोडावी लागली.

मापातल्या चुकीचा भुर्दंड मराठी वाचकाला जास्त पडतो, कारण आपल्या ओळीत वर रफार-वेलांटी आणि खाली उकार. मजकूर १६ पिक्सेलचा ठेवून त्याची लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, ‘१.५ एम’ दिली, तर ब्राउझर २४ पिक्सेल असा हिशेब करतो आणि तोच आकडा आतल्या मथळ्यालाही वारशाने देतो. ३२ पिक्सेलचा मथळा दोन ओळींवर गेला की ‘मूर्ती’चा उकार खालच्या ओळीतल्या रफारावर आदळतो. एककाविना नुसतं ‘१.५’ लिहिलं, तर वारशाने प्रमाण जातं आणि मथळ्याच्या ओळीला ४८ पिक्सेल मिळतात.

कागद ठरलेला होता, म्हणून छापखान्याला ठरलेलं माप शोभलं. पडदा आणि डोळे ज्याचे त्याचे वेगळे. मराठी संकेतस्थळं बांधणाऱ्यांनी अक्षराचा आकार ‘रेम’मध्ये, म्हणजे पानाच्या मूळ अक्षर-आकारावर बेतलेल्या मापात, द्यावा, लाइन-हाइट नुसत्या आकड्यात, आणि ब्राउझरमधलं अक्षर दुप्पट करून आपलं पान स्वतः एकदा वाचून पाहावं.