कार्ड बदलणारे आणि कार्ड समजणारे

आपल्या कारागिरांच्या वस्त्यांत एक वाक्य आता सारखे कानावर येते : ‘कार्ड गेलं!’ एम्ब्रॉयडरीचे यंत्र थांबले, कार्ड गेले. इन्व्हर्टर बंद पडला, कार्ड गेले. मग जुने कार्ड काढायचे, नवे बसवायचे आणि गिऱ्हाइकाच्या बिलातला मोठा हिस्सा कार्ड विकणाऱ्याला द्यायचा. मिस्त्रीच्या पदरी उरते ती स्क्रू फिरवण्याची मजुरी. कार्डाच्या आत काय चालते हे ज्याला कळते, तोच हुनराची किंमत मागू शकतो. म्हणून आम्ही आज वरकरणी पोरखेळ वाटणाऱ्या एका गोष्टीची शिफारस करीत आहोत. दुरुस्तीच्या धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येक तरुणाने, एकाच बोर्डवर मावणारा जुन्या पद्धतीचा संगणक एकदा तरी आपल्या हाताने बांधावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुन्या पद्धतीचाच का? कारण आजच्या मोबाइलमधील मुख्य आयसीचे पाय तिच्या पोटाखाली दडलेले असतात. झिलॉग कंपनीने १९७६ साली बाजारात आणलेल्या झेड-८० या प्रोसेसरला मात्र ४० पाय आहेत आणि प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. १६ पाय मेमरीतला पत्ता सांगतात, ८ पाय माहितीची ने-आण करतात, बाकीचे वीज, घड्याळाचा ठोका आणि हुकूम यांसाठी. १६ तारांवर ६५,५३६ पत्ते बसतात, त्यापलीकडे काही नाही. एवढा पसारा एका माणसाच्या डोक्यात मावतो. आपल्याकडच्या पॉलिटेक्निकांत मुलांपुढे ८०८५ प्रोसेसरचे किट ठेवले गेले, तेही याच कारणाने.

मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना तर याचे मूळ नव्याने सांगायला नको. जेकार्डच्या पुठ्ठ्याला भोक असेल तर ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तर खाली राहतो. एकामागून एक पुठ्ठा पुढे सरकतो आणि नक्षी उमटते. फ्रान्समधील जाकार याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती मागावर बसवली. संगणकाची मेमरी म्हणजे असाच पुठ्ठा. भोकाच्या जागी पाच व्होल्ट, भोक नसेल तिथे शून्य. ज्यांच्या घरात माग चालला, त्यांनी या विद्येला परकी समजू नये.

आता काम कसे करावे ते पाहू. नवशिक्याने सगळा बोर्ड एकदम सोल्डर करू नये. प्रथम ब्रेडबोर्डवर फक्त प्रोसेसर, पाच व्होल्टचा पुरवठा आणि घड्याळाचा ऑसिलेटर बसवावा. माहितीचे आठही पाय रेझिस्टन्समधून ग्राउंडला जोडावेत. झेड-८० च्या भाषेत शून्य म्हणजे ‘काही करू नकोस, पुढे चल’. त्यामुळे प्रोसेसर एकेक पत्ता मोजत पुढे जातो. सर्वात वरच्या पत्त्याच्या तारेला एलईडी लावली आणि घड्याळ सेकंदाला दहा लाख ठोक्यांचे असले, तर ती सेकंदाला सुमारे चार वेळा लुकलुकते. ती लुकलुकली की यंत्र जिवंत आहे असे समजावे.

न लुकलुकल्यास आधी मोकळे सोडलेले पाय तपासावेत. इंटरप्ट, वेट आणि बस रिक्वेस्ट हे पाय वापरात नसले तरी रेझिस्टन्समधून पाच व्होल्टला बांधावे लागतात. मोकळा पाय वाऱ्यावरच्या पताकेसारखा हलतो आणि प्रोसेसर भलतेच हुकूम ऐकतो. प्रत्येक आयसीच्या विजेच्या पायाजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायला चुकू नये.

दुसऱ्या टप्प्यात ३२ किलोबाइटची ईप्रॉम आणि तेवढीच रॅम जोडावी. वरची एकच तार कोणाची पाळी ते ठरवते. तिसऱ्या टप्प्यात सिरियल आयसी लावून कॉम्प्युटरशी बोलणे सुरू करावे. ७.३७२८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल अनेक जण का वापरतात, तर त्याला ६४ ने भागले की बरोबर १,१५,२०० हा सिरियलचा वेग मिळतो. मग पडद्यावर बेसिक भाषेची ओळ उमटते. ब्रिटनचे ग्रँट सर्ल यांनी मोजक्या आयसींचा असा आराखडा सर्वांसाठी खुला केला आणि त्यावरूनच आरसी-२०१४ हे किट निघाले.

खरेदीत मात्र डोळे उघडे ठेवावेत. ४० पायांच्या झेड-८० च्या शेवटच्या ऑर्डरी झिलॉगने जून २०२४ पर्यंतच घेतल्या. त्यामुळे बाजारात शिल्लक, जुना आणि घासून नवे नाव छापलेला मालही फिरतो. अगदी स्वस्त दहा नग घेण्यापेक्षा भरवशाच्या दुकानातून दोन घ्यावेत आणि सॉकेटवर बसवावेत. नवाच माल हवा असेल त्याने ६५०२ चा विचार करावा. १९७५ चा हा प्रोसेसर सुधारित रूपात आजही तयार होतो.

व्यापारी बंधू विचारतील, यातून नफा किती? रोकडीत विचाराल तर काहीच नाही. हा बोर्ड कोणी विकत घेणार नाही. पण शागीर्दाने शिवलेला पहिला सदराही दुकानात टांगला जात नाही, म्हणून उस्ताद तो शिवून घ्यायचे सोडत नाही. या बोर्डवर हात बसला की तपासणीचा क्रम अंगी मुरतो : आधी वीज, मग ठोका, मग रीसेट, मग माहिती. एम्ब्रॉयडरीच्या कार्डावर नि लॅपटॉपच्या मदरबोर्डवर हाच क्रम कामी येतो. केवळ एक रेग्युलेटर किंवा क्रिस्टल गेलेला असताना सगळे कार्ड फेकणारा मिस्त्री गिऱ्हाइकाचेही नुकसान करतो आणि स्वतःचेही.

खर्चात ईप्रॉम लिहिण्याचा प्रोग्रामर तेवढा जड जातो. तो तिघा-चौघांनी मिळून घ्यावा, किंवा मोहल्ल्याच्या वाचनालयाने, कारागिरांच्या संघटनेने एक घेऊन ठेवावा. चालू धंदा सोडून यामागे लागा असे आम्ही म्हणत नाही. मालेगावात जुम्म्याला माग बंद असतात, इतरत्र रविवारची सुट्टी असते. त्यातले दोन तास पुरेत. उस्तादांना आमची विनंती एवढीच, की पोराला टेस्टर हातात देता, तसा एकदा हा बोर्डही द्या. त्याने बांधला, बिघडवला आणि पुन्हा चालू केला, की पुढच्या वेळी ‘कार्ड गेलं’ म्हणण्याआधी तो मीटर लावून बघेल.