विश्लेषण : आजार ४० वर्षांनी, हिशोब आज! ॲस्बेस्टॉसची देणी कंपन्या कशा मांडतात?

कंपनीचा ताळेबंद उघडला की कर्ज, पुरवठादारांची देणी, कर असे नेहमीचे आकडे दिसतात. परदेशातील काही कंपन्यांच्या ताळेबंदात मात्र आणखी एक ओळ असते, ‘ॲस्बेस्टॉसची देणी’. कंपनीच्या मालामुळे किंवा कारखान्यामुळे आजारी पडलेल्या आणि पुढच्या काही दशकांत आजारी पडणाऱ्या लोकांना द्यायची ही रक्कम. यातल्या अनेकांना आपण आजारी पडणार आहोत हे अजून ठाऊकही नसते. त्याच ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दुसरी ओळ असते, ‘विमा कंपन्यांकडून येणे’. या दोन ओळी कशा लिहिल्या जातात, यावर रुग्णाच्या हातात शेवटी किती पैसे पडणार हे बऱ्याच अंशी ठरते.

आकड्यांचा गोंधळ होतो कुठे?

ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि तिथेच राहतात. त्यातून ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग किंवा मेसोथेलिओमा होऊ शकतो. मेसोथेलिओमा दिसायला साधारण २० ते ५० वर्षे लागतात. म्हणजे १९७५ साली कारखान्यात धूळ खाल्लेला कामगार २०१५ साली रुग्णालयात पोहोचतो. तोवर कारखाना विकला गेलेला असतो, कंपनीचे नाव बदललेले असते आणि त्या काळची विमा पॉलिसी कोणत्या कपाटात आहे हे शोधावे लागते.

त्यामुळे इथे हिशोब झालेल्या खर्चाचा नसतो, होणाऱ्या खर्चाच्या अंदाजाचा असतो. किती जण आजारी पडतील, त्यातले किती जण दावा करतील, प्रत्येकाला किती द्यावे लागेल, हे विमागणिती मांडतात. अंदाज थोडा हलला तरी अब्जावधींचा फरक पडतो.

देणे कधी नोंदवायचे?

अमेरिकेत १९७५ साली आलेल्या लेखा मानकानुसार दोन अटी आहेत. पैसे द्यावे लागण्याची दाट शक्यता हवी आणि रकमेचा वाजवी अंदाज करता यायला हवा. अंदाज एका पट्ट्यात असेल आणि त्यातला कोणताच आकडा जास्त योग्य वाटत नसेल, तर पट्ट्यातला सर्वांत लहान आकडा नोंदवायचा. आंतरराष्ट्रीय मानक आणि त्यावर बेतलेले आपले ‘इंड एएस ३७’ थोडे कडक आहे. शक्यता निम्म्याहून जास्त असली की तरतूद करायची आणि आकडाही सर्वोत्तम अंदाजाचा घ्यायचा.

‘अंदाज करता येत नाही’ ही पळवाट मात्र दोन्हीकडे आहे. अमेरिकेतील काही कंपन्यांनी बराच काळ फक्त पुढच्या १० वर्षांतले दावे मोजले. त्यापुढचे रुग्ण त्यांच्या हिशोबात नव्हते.

हा आकडा किती जड असू शकतो, हे जॉन्स-मॅनव्हिलने दाखवले. ऑगस्ट १९८२ मध्ये या बड्या अमेरिकी कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. तेव्हा ती रोजच्या व्यवहारात बुडालेली नव्हती. पण तिच्यावर सुमारे १६,५०० खटले होते आणि भविष्यातील दाव्यांचा अंदाज किमान २ अब्ज डॉलर निघाला होता. तो पुस्तकात नोंदवला असता तर कंपनीचे नक्त मूल्यच पुसले गेले असते. रुग्णांसाठीचा ट्रस्ट पुढे १९८८ मध्ये सुरू झाला. दावे इतके आले, की आज तो ठरलेल्या भरपाईचा एक दशांशही देऊ शकत नाही.

विम्याचे पैसे ‘आले’ असे कधी म्हणायचे?

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कंपनीची देणी १,००० कोटी रुपये आहेत आणि विम्यातून ६०० कोटी मिळतील अशी तिला आशा आहे. ताळेबंदात फक्त ‘४०० कोटी’ लिहिले तर काय होईल? वाचणाऱ्याला धोका ४०० कोटींचाच वाटेल. विमा कंपनीने उद्या हात वर केले, तर मात्र १,००० कोटी कंपनीलाच द्यावे लागतील. रुग्णाचा दावा कंपनीवर आहे. विमा कंपनी आणि कारखानदार यांचे भांडण हा त्याचा प्रश्न नाही.

विमा कंपन्या हात वर करतातही. कारण पॉलिसी वर्षावर चालते आणि हा आजार वर्षांच्या चौकटीत बसत नाही. धूळ श्वासात गेली त्या वर्षीचा विमा लागू, की आजार दिसला त्या वर्षीचा? ब्रिटनमध्ये या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात मार्च २०१२ मध्ये लागला. धूळ गेली त्या काळात ज्याचा विमा होता, त्याने पैसे द्यायचे. तोपर्यंत अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे थांबली होती.

म्हणूनच १९९३ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने बजावले, की देणी आणि विम्याची येणी एकमेकांतून वजा करू नका, दोन्ही वेगळी दाखवा. आंतरराष्ट्रीय आणि भारतीय मानकही तेच सांगते. शिवाय विम्याचे पैसे मिळणे ‘जवळपास निश्चित’ असल्याशिवाय ते येणे म्हणून लिहू देत नाही. देणे मान्य करायला निम्म्याहून जास्त शक्यता पुरते आणि येणे लिहायला जवळपास खात्री लागते. उद्योगजगताला हा दुजाभाव वाटतो. माझ्या मते तो योग्यच आहे. इंजिनीअर पुलाचा भार धरताना हात सैल ठेवतो आणि पोलादाची ताकद धरताना हात आखडता घेतो, तसेच हे आहे.

‘पुरेसा निधी आहे’ या एका वाक्याची किंमत

ऑस्ट्रेलियातील जेम्स हार्डी समूहाने फेब्रुवारी २००१ मध्ये ॲस्बेस्टॉसचा इतिहास असलेल्या दोन कंपन्या एका स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे सोपवल्या. प्रतिष्ठानाकडे सुमारे २९३ दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर होते. सर्व रास्त दाव्यांसाठी निधी पुरेसा आहे, असे शेअर बाजाराला कळवण्यात आले. त्याच वर्षी मूळ कंपनीने आपले मुख्यालय कागदोपत्री नेदरलँड्सला हलवले.

दोन-तीन वर्षांतच निधी संपत आल्याचे दिसले. २००४ च्या चौकशीत देणी दीड अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास असल्याचे पुढे आले. स्वतः रुग्ण असलेले माजी कामगार बर्नी बॅन्टन यांनी ऑक्सिजनची नळी लावून लढा दिला. अखेर करार झाला आणि कंपनीने आपल्या वार्षिक रोख उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरपाई निधीला देण्याचे मान्य केले. बॅन्टन यांचे नोव्हेंबर २००७ मध्ये निधन झाले. मे २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ते दिशाभूल करणारे निवेदन मंजूर करताना माजी संचालकांनी कर्तव्यभंग केला, हे मान्य केले. आज ही देणी आणि विम्याची येणी कंपनीच्या ताळेबंदात वेगवेगळ्या ओळींत दिसतात.

भारतात ही ओळ का दिसत नाही?

आपल्याकडे ॲस्बेस्टॉस आजही आयात होतो आणि सिमेंटचे पत्रे बनतात. तरीही परदेशात दिसते तशी मोठी तरतूद आपल्याकडे सहसा आढळत नाही. कारण सरळ आहे. दावेच येत नाहीत, म्हणून देणेही नाही.

मग आजार नाही का? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईतील ॲस्बेस्टॉस कारखान्यातील १८१ कामगार तपासले गेले. त्यातील ४१ जणांना, म्हणजे जवळपास २३ टक्क्यांना, ॲस्बेस्टॉसिस आढळला. सर्वोच्च न्यायालयाने तर जानेवारी १९९५ मध्येच आदेश दिला होता : प्रत्येक कामगाराला आरोग्य विम्याचे संरक्षण द्या आणि त्याची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यापैकी जे नंतर असेल तोपर्यंत जपा.

हा आदेश आरोग्याचा आहे तितकाच हिशोबाचाही आहे. नोंद नसेल तर निदान सिद्ध होत नाही, निदान नसेल तर दावा होत नाही आणि दावा नसेल तर लेखापरीक्षक ‘तरतुदीची गरज नाही’ यावर सही करतो. कंत्राटी कामगाराचे नाव तर कारखान्याच्या हजेरीपटावरही नसते. निवृत्तीनंतर तो कोकणात किंवा उत्तर प्रदेशात गावी जातो आणि तिथे त्याचा दम ‘विडीमुळे’ किंवा ‘क्षयामुळे’ ठरतो.

मग काय बदलायला हवे?

पहिली गोष्ट, ॲस्बेस्टॉस वापरणाऱ्या किंवा पूर्वी वापरलेल्या सूचीबद्ध कंपन्यांनी आजवर किती कामगार या धुळीत होते आणि त्यातील कितींची नोंद जपली आहे, हे वार्षिक अहवालात सांगावे. ‘सेबी’ हे बंधनकारक करू शकते. दुसरी, तरतूद शून्य असेल तर त्यामागचे कारण टिपेत लिहावे. तिसरी, पुढची देणी आजच्या मूल्यात आणताना वापरलेला व्याजदर ठळकपणे द्यावा. ४० वर्षांनी द्यायचे १०० रुपये ७ टक्के दराने आज जेमतेम ६ रुपये ७० पैसे दिसतात!

यामुळे कंपन्यांवर बोजा पडेल, हा आक्षेप खरा आहे. पण बोजा आधीच आहे. फरक इतकाच, की आज तो औषधाच्या दुकानात आणि एक्स-रेच्या रांगेत कामगाराचे कुटुंब रोखीने भरत आहे. तुमच्याकडे अशा कंपनीचे शेअर असतील किंवा म्युच्युअल फंडातून ते तुमच्यापर्यंत आले असतील, तर अहवालात नफ्याच्या पानानंतर ‘आकस्मिक देणी’ ही टीपही उघडून पाहा. तिथे ॲस्बेस्टॉसबद्दल अवाक्षर नसेल, तर वार्षिक सभेत कारण विचारण्याचा हक्क भागधारकाला आहे.