पुडीत नक्की आहे काय?

सेकंड इयरला जिऑलॉजीच्या ओरलला सरांनी एक पिवळाधमक, चकाकणारा दगड हातात दिला. मी बेधडक म्हणाले, ‘कॉपर ओअर!’ तो निघाला पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक. दोन मार्क गेले, वर हसं झालं ते वेगळंच.

यंदा सेमिनारला मी एक्स-रे डिफ्रॅक्शन घेतलं आणि उदाहरण म्हणून चिनी वैद्यकातली खनिज औषधं. वाचताना जीव भांड्यात पडला. हाड मोडल्यावर तिथे जे खनिज देतात त्याचं नावच ‘झिरानतोंग’, म्हणजे नैसर्गिक तांबं, आणि ते आहे पायराइट! म्हणजे फसणारी मी एकटीच नाही.

आमच्या होस्टेलवर अशा औषधांवरून दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, हजारो वर्षं लोक घेताहेत, म्हणजे चांगलंच असणार. दुसरी म्हणते, सगळा भंपकपणा. रात्री दोन-दोनपर्यंत भांडतात, पण पुडीत नक्की आहे काय, हे कुणीच विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आधी ते बघा, मग खुशाल भांडा.

आणि हे काही आजच्या लॅबवाल्यांचं खूळ नाही. इ.स. ५०० च्या सुमारास ताओ होंगजिंग या चिनी पंडितापुढे हाच घोळ होता. सोरा (कॉन्व्हेंटवाल्यांनो, सॉल्टपीटर! मलाही आजीनंच सांगितलं) आणि ‘मांगश्याओ’ नावाचा रेचक क्षार, दोन्ही पांढरे, नावांचीही सरमिसळ. त्यानं लिहून ठेवलं, जाळून बघा, जांभळट-निळा धूर आला तर तो खरा सोरा. अरे, ही तर आपली बारावीची फ्लेम टेस्ट! पोटॅशियम, लायलॅक कलर.

मांगश्याओची तर वेगळीच गंमत. आजच्या चिनी फार्माकोपियात ते सोडियम सल्फेट. पण जपानमध्ये नारा इथल्या शोसोइन भांडारात सम्राज्ञी कोम्योनं इ.स. ७५६ मध्ये अर्पण केलेली औषधं अजून जपून ठेवली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर ती तपासली, तर तिथलं मांगश्याओ निघालं मॅग्नेशियम सल्फेट! नाव तेच, क्षार वेगळा. दोन्हींनी पोट साफ होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसेल.

दरवेळी एवढ्यावर भागत नाही. हिंगूळ (आपल्या रसशास्त्रातही आहे) म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड, शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. लाल पूड करून ठेवली की नुसत्या डोळ्यांनी ओळखणं कठीण. मनशीळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड, ते हवेत तापवलं की सोमल होतं. चिनी फार्माकोपिया स्वतःच सांगते, हिंगूळ दिवसाला ०.१ ते ०.५ ग्रॅमच द्या. आणि भाजायचा तर नाहीच. भाजला की पारा सुटतो. आता पुडीवरची चिठ्ठीच चुकली असेल तर हे नियम लावायचे कशाला?

डिफ्रॅक्शनला थोडीशी पूड पुरते. प्रत्येक स्फटिकाचे पीक्स त्याच्या ठरलेल्या कोनांवर येतात, चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो. औषध गुणकारी आहे का, हे मात्र ते यंत्र सांगत नाही.

सेमिनार संपल्यावर रूममेटनं विचारलं, ‘मग तू घेशील का गं हिंगूळ?’ म्हटलं, आधी पॅटर्न दाखव. ती म्हणाली, ‘आणि दाखवला तर?’

तर अजिबात नाही. पारा आहे तो!

(टी. ई. सिव्हिल)