पटावरील नाव आणि वर्गातील जागा

दरवर्षी ३० सप्टेंबर उजाडला की किल्लारीच्या जुन्या गावठाणातील स्मृतिस्तंभापाशी माणसे जमतात. पोलीस दलाकडून मानवंदना दिली जाते, अधिकारी व लोकप्रतिनिधी पुष्पचक्रे वाहतात आणि मग जो तो आपापल्या कामाला लागतो. १९९३ साली अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून लोक नुकतेच अंथरुणाला टेकले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी धरणी हादरली आणि जाड दगडमातीच्या भिंती व त्यांवरील माळवदांचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे जमीनदोस्त झाली, सुमारे १० हजार माणसे दगावली. मृतांचे स्मरण ठेवणे हा समाजाचा धर्मच होय आणि मराठवाड्याने तो पाळला आहे. परंतु त्या पहाटे मेले त्यांच्याहून अधिक माणसे जखमी झाली होती. त्यांत मुलेही होती. कोणाचा पाय गेला, कोणाचा कणा मोडला. ह्या जिवंत राहिलेल्यांच्या पुढील आयुष्याचा हिशेब कोणत्या स्तंभावर कोरलेला आहे, असा प्रश्न आम्हांस पडतो.

पुनर्वसनाचे काम लहान नव्हते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जागतिक बँकेच्या साहाय्याने उभी राहिलेली योजना, नव्या जागी वसविलेली गावे, भूकंपरोधक घरे, देशभरातून धावून आलेल्या संस्था, हे सारे महाराष्ट्राला अभिमानास्पदच होते. श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला; लातूरजवळ हरंगुळ येथे जनकल्याण समितीने निवासी विद्यालय चालविले; नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी 'आपलं घर' उभारले. निराधार मुलांकडे समाजाने पाठ फिरविली नाही. तथापि नवी गावे आखताना मनात एकच भय होते, आणि ते स्वाभाविकही होते: भिंत पुन्हा पडेल काय? जुन्या गावात एकमेकांस चिकटून असलेली घरे आता रुंद, सरळ रस्त्यांच्या कडेला दूर दूर विखुरली. धडधाकट माणसाला त्याचे फारसे वाटत नाही. पण कुबडीवर चालणाऱ्या पोराला घर ते शाळा हे अंतर वाढले की वाढलेल्या प्रत्येक पावलाची किंमत मोजावी लागते.

योगायोग असा की, ही गावे बांधली जात असतानाच, १९९५ साली, अपंग व्यक्तींसाठीचा पहिला व्यापक कायदा संसदेने संमत केला आणि प्रत्येक अपंग मुलास वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण मिळेल असे आश्वासन दिले. पुढे २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात अपंग मुलांचा उल्लेख स्पष्ट झाला. मग २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. पूर्वीच्या सात प्रकारांच्या जागी त्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, सरकारमान्य प्रत्येक शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा व आपली इमारत त्याच्या सोयीची करावी असे बंधन घातले, आणि सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला शेजारची शाळा किंवा विशेष शाळा यांपैकी हवी ती निवडण्याचा हक्क दिला. ह्या मधल्या काळात शब्दही पालटले. गावात ज्याला बिनदिक्कत 'पांगळा', 'मुका', 'येडा' म्हणून हाक मारीत तो कागदोपत्री प्रथम 'अपंग' व नंतर 'दिव्यांग' झाला. शब्द सौम्य झाले हे बरेच झाले. मात्र नवा शब्द रूढ करण्यास तिजोरीतून काही काढावे लागत नाही, हेही विसरता कामा नये.

आज खेड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत अशा मुलाचे नाव पटावर असते, ह्यात बव्हंशी शंका नाही. मुख्याध्यापक नाव नोंदवितात, तालुक्याला आकडा जातो, तेथून जिल्ह्याला, तेथून मुंबईला, आणि समावेशक शिक्षणाची टक्केवारी सिद्ध होते. पण नाव पटावर असणे आणि मूल वर्गात असणे, आणि वर्गात असणे व शिकणे, ह्या तीन निराळ्या गोष्टी आहेत. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराची नोंद ठेवायची, निवडणुकीचे काम करायचे आणि त्यातच मतिमंद किंवा कर्णबधिर मुलाला त्याच्या गतीने शिकवायचे, ही अपेक्षा त्या शिक्षकांवर अन्याय करणारी आहे. त्यांना ब्रेल येत नाही, खुणांची भाषा येत नाही. ती कोणी त्यांना शिकविलेलीही नाही. अशा वर्गात ते मूल मागच्या बाकावर शांत बसते, आणि शांत बसते म्हणून त्याची तक्रार कोणी करीत नाही. वर्षअखेर ते वरच्या वर्गात जाते. आठवीपर्यंत पोचलेल्या अशा मुलास स्वतःचे नाव लिहिता येत नसेल, तर त्याचा समावेश नेमका कशात झाला?

ह्यावर उपाय कायद्यातच आहे व त्याचे नाव विशेष शिक्षक असे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी रजनीशकुमार पांडे प्रकरणात प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक व त्यापुढील वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण घालून दिले. राज्ये तरीही हलेनात, म्हणून ७ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयास पदे मंजूर करून जाहीर करा असे तीन आठवड्यांच्या मुदतीने सांगावे लागले. महाराष्ट्रात ही मंडळी वर्षानुवर्षे करारावर राबत होती. सहा महिन्यांपुढची खात्री नसलेल्या माणसाने मुलाच्या दहा वर्षांच्या वाटचालीची आखणी करावी, अशी ती व्यवस्था होती. २०२४ च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने प्रत्येक केंद्रासाठी एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षकांची पदे मंजूर केली, ह्याबद्दल आम्ही सरकारचे अभिनंदन करतो. परंतु त्याचबरोबर साधा त्रैराशिकाचा हिशेबही मांडला पाहिजे. राज्यात शाळा लाखाहून अधिक आहेत. म्हणजे एका शिक्षकाच्या वाट्यास वीसहून अधिक शाळा येतात. त्याने रोज एक शाळा गाठली, तरी प्रत्येक शाळेस महिन्यातून एक दिवस मिळतो. प्रत्येक शाळेत असे मूल नसेल, हे खरे. मग दोन दिवस धरा. आपल्या घरच्या धडधाकट मुलास महिन्यातून दोन दिवस शिक्षक मिळतो असे कळले, तर आमचे वाचक स्वस्थ बसतील काय?

पैशाची गोष्टही निघालीच पाहिजे. समग्र शिक्षा योजनेत अशा एका मुलामागे वर्षास ३,५०० रुपये धरलेले आहेत; म्हणजे दिवसास दहा रुपयांहूनही कमी. त्यातूनच साधने, प्रवास व मदतनीस भत्ता भागवावयाचा, आणि मुलींस दरमहा २०० रुपये विद्यावेतन दहा महिने द्यावयाचे. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलीस आईने रोज शाळेत पोचवायचे तर त्या आईची शेतातील मजुरी बुडते. ती बुडाल्यावर दोनशे रुपयांकडे पाहून आई कोणता निर्णय घेईल, ह्याचे उत्तर कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाकडे जाऊन विचारण्याची गरज नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. अशा मुलांना सर्वसाधारण शाळेत घालून त्यांचे व इतरांचेही नुकसान का करावे, त्यांच्यासाठी विशेष शाळाच बऱ्या नव्हेत काय, असे पुष्कळ सुशिक्षित पालक विचारतात. मुंबईत १८८५ साली मूकबधिरांची शाळा निघाली तेव्हापासून महाराष्ट्रात विशेष शाळांची थोर परंपरा आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. मेंदूच्या पक्षाघाताने ग्रासलेल्या मुलांसाठी हरंगुळ येथे 'संवेदना' केंद्र जे काम करते ते खेड्यातील दोनशिक्षकी शाळेला जमणार नाही. कर्णबधिर मुलाच्या बाबतीत तर आमचे मत असे की, जेथे खुणांची भाषा जाणणारे एकही माणूस नाही तेथे त्याला समावेशाच्या नावाखाली बसविणे म्हणजे त्याला चार भिंतींच्या शांततेत कोंडणे होय. परंतु विशेष शाळा बहुधा शहरात असतात आणि सहा वर्षांचे मूल वसतिगृहात ठेवण्यास सारेच पालक राजी नसतात. त्यांनी राजी का असावे? शिवाय ज्या मुलाला केवळ उतरता कठडा, मोठ्या अक्षरांचे पुस्तक किंवा तासास वीस मिनिटे जादा वेळ एवढेच हवे आहे, त्याला गावाबाहेर काढण्याचे कारणच काय? बाकीच्या मुलांचे नुकसान होते, हा मुद्दा मात्र आम्हांस मान्य नाही. पाय नसलेला सोबती ज्यांनी पहिलीपासून पाहिला, ती मुले मोठेपणी ग्रामपंचायतीत बसतील तेव्हा पायऱ्यांशेजारी उतार बांधण्यास त्यांना शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.

लातूर जिल्ह्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोचतो तो दुसऱ्याच कारणाने. राजर्षी शाहू महाविद्यालयातून प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या काळात जो 'लातूर पॅटर्न' आकारास आला, त्याने मागासलेल्या समजल्या जाणाऱ्या ह्या भागातील मुलांना गुणवत्ता यादीत नेऊन बसविले. आज राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मुले वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी लातूरच्या शिकवण्यांत येतात. योजनाबद्ध परिश्रम, रोजच्या चाचण्या, एकेका विद्यार्थ्याच्या उणिवांचा शोध आणि शिक्षकाने त्याच्यामागे लागणे, हे त्या पद्धतीचे मर्म होते. किंचित विचार केला तर ध्यानात येईल की, दिव्यांग मुलाच्या शिक्षणासही नेमके हेच लागते. एकेका मुलाकडे स्वतंत्र लक्ष देण्याची विद्या ह्या जिल्ह्याला अवगत आहे. ती आजवर ज्यांच्याकडून टक्के मिळतील त्यांच्यावरच खर्च झाली.

प्रशासनाची घडीही मुलाच्या विरुद्धच आहे. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. विशेष शाळा त्या विभागाकडे, सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आणि प्रमाणपत्र आरोग्य विभागाच्या रुग्णालयाकडे. मूल एक, फायली तीन. किल्लारीच्या पालकाने प्रमाणपत्रासाठी चाळीस किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून लातूर गाठायचे, ठरल्या वारी तज्ज्ञ नसला तर परत यायचे आणि आणखी एक दिवसाची मजुरी गमवायची. त्यातच २० हून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार २०२३ पासून सरकारने बोलून दाखविला आहे. त्याचे इतर गुणदोष काही असोत, पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी हा नियम ज्याला सर्वांत अधिक उपयोगी पडतो, तो चालू न शकणारा मुलगाच होय. बसगाडीची सोय करू, असे सांगितले जाते. त्या गाडीला चाकाची खुर्ची चढविण्याची सोय असेल काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आमच्या मागण्या फार नाहीत. मंजूर पदे भरावीत आणि नेमलेल्या शिक्षकाचे मुक्कामाचे ठिकाण तालुक्याच्या कचेरीत नसून केंद्रशाळेत असावे. प्रमाणपत्राचे पथक महिन्यातून एकदा तालुक्याच्या रुग्णालयात यावे. शाळेत जाणाऱ्या मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करून दिव्यांग मुले शोधावीत, त्यांच्या गरजा व त्या कितपत भागल्या ते नोंदवावे, असे २०१६ चा कायदाच सांगतो. त्या पाहणीचे निष्कर्ष मुलांची नावे वगळून गावोगावच्या ग्रामसभेपुढे ठेवावेत. औसा तालुक्यात अशी मुले किती, त्यांतील किती रोज वर्गात असतात, किती वाचू शकतात, विशेष शिक्षक गेल्या महिन्यात किती वेळा आला, एवढी चार ओळींची माहिती येत्या ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी जिल्हाधिकाऱ्यांनी पुष्पचक्र वाहिल्यावर वाचून दाखवावी.