लहानाकडे पाहण्याची शिस्त

शहरातल्या अनेक घरांच्या गॅलरीत कढीपत्त्याचे एखादे रोप असते. त्याच्या पानावर कधी पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळपट-पांढरा डाग दिसतो आणि आपण तो बोटाने उडवून देतो. पुष्कळदा तो डाग नसतोच. ‘कॉमन मॉर्मन’ नावाच्या काळ्या फुलपाखराची ती कोवळी अळी असते. पक्ष्यांची नजर चुकवण्यासाठी निसर्गाने तिला हे सोंग दिलेले असते. पुढे कात टाकून ती पानासारखी हिरवी होते, आणि कोणी डिवचलेच तर डोक्यामागून तांबडे दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. हे सारे नाट्य आपल्यापासून हातभर अंतरावर घडते. ते लहान असते, एवढ्याच कारणासाठी आपण त्याला मुकतो.

अशा बारीकसारीक गोष्टींची जवळून छायाचित्रे घेण्याचा छंद अलीकडे आपल्याकडे चांगलाच रुजला आहे. एके काळी त्यासाठी महागडी लेन्स लागे. आज खिशातल्या मोबाईलवरही मुंगीच्या मिशा टिपता येतात. शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशा बेताच्या मिळकतीच्या माणसांनाही हा आनंद खुला झाला, याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु छंदाची साधने स्वस्त झाली म्हणजे त्याची शिस्तही आपोआप अंगी येते, असे मात्र नाही.

वस्तुतः हे तंत्रच माणसाला शिस्त लावणारे आहे. कीटक प्रत्यक्षात जेवढा आहे तेवढीच त्याची प्रतिमा कॅमेऱ्यात उमटवू लागलो, की स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोलीचा उरतो. डोळा स्पष्ट आला तर पंख धूसर होतात. वाऱ्याची झुळूक किंवा स्वतःचा श्वासही चित्र बिघडवण्यास पुरेसा होतो. म्हणून जाणकार पहाटे निघतात. त्या वेळी वारा पडलेला असतो आणि रात्रीच्या गारव्याने जड झालेला चतुर दवाने भिजून गवताच्या काडीवर स्वस्थ बसलेला असतो. जो थांबू शकतो, त्यालाच तो दिसतो.

या थांबण्याचा आदर्श पाहायचा तर अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याचा पाहावा. 1885 साली, वयाच्या विशीच्या आत, त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचे छायाचित्र घेतले. हिमकण म्हणजे उबदार श्वास लागला तरी विरून जाणारी वस्तू. तो काळ्या पाटीवर झेलायचा, पिसाच्या टोकाने हलकेच ठिकाणी ठेवायचा आणि श्वास रोखून टिपायचा, हे काम त्याने बिनउबेच्या पडवीत चाळीसहून अधिक हिवाळे केले. 1931 साली त्याचे निधन झाले, तेव्हा पाच हजारांहून अधिक हिमकणांची चित्रे त्याच्या संग्रही होती. शेती सांभाळून केलेला हा उद्योग शास्त्रज्ञांनाही उपयोगी पडला.

बेंटलीचा हिमकण कसाही विरघळणारच होता. आपल्यापुढचा जीव मात्र आपण निघून गेल्यावरही जगायचा असतो, आणि नेमका याचाच विसर पडतो. कीटक हलू नये म्हणून त्याला शीतपेटीत गारठवणे, बेडूक उचलून अधिक शोभिवंत पानावर बसवणे, हे प्रकार या छंदात सर्रास चालतात. इतरांना नावे ठेवण्यापूर्वी स्वतःचा अपराध सांगतो. कुंडीतल्या एका कोषाचे चित्र नीट यावे म्हणून त्याच्या आड येणारी दोन पाने मी एकदा खुडली. चित्र उत्तम आले. दुसऱ्या दिवशी कोष जागेवर नव्हता. उघडा पडलेला तो घास कोणा पक्ष्याने टिपला असावा. ते चित्र पुढे मी कोणाला दाखवू शकलो नाही.

घराच्या कुंडीत जे एका कोषाचे होते, तेच कासच्या पठारावर शेकडो रोपांचे होते. 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत पश्चिम घाटाबरोबर समाविष्ट झालेल्या या पठारावर मातीचा थर अगदी पातळ आहे. त्याच थरात कीटक पकडणारी ‘दवबिंदू’ ही चिमुकली वनस्पती आणि ‘सीतेची आसवे’ फुलतात. एका फुलाचे चित्र घेण्यासाठी पालथे पडलेला छायाचित्रकार आपल्या कोपराखाली आणि गुडघ्याखाली किती फुले चिरडतो, याची नोंद त्याच्या चित्रात कधीच उमटत नाही.

‘निसर्ग रोज लाखो अळ्या मारतो, आमच्या एकीने काय बिघडले?’ असा युक्तिवाद यावर केला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. एका कोषाने फुलपाखरांची जात बुडत नाही. परंतु पक्षी पोटासाठी मारतो, आपण कौतुकासाठी. हा फरक सुशिक्षित माणसाने तरी ओळखावा. शिवाय गारठवलेल्या कीटकाचे चित्र हे खोटे चित्र असते. जी बैठक त्याने स्वतःहून घेतली नाही, ती आपण निसर्ग म्हणून लोकांपुढे मांडतो.

आणि खऱ्या चित्राचे मोल किती असते, याचे उदाहरण फार जुने नाही. 2011 साली मलेशियात एका हौशी छायाचित्रकाराने जाळीदार पंखांच्या एका हिरव्या कीटकाचे चित्र घेतले आणि कीटकाला उडून जाऊ दिले. ते चित्र इंटरनेटवर कॅलिफोर्नियातील एका कीटकशास्त्रज्ञाच्या दृष्टीस पडले. ही जात विज्ञानाला अज्ञात असावी, अशी त्याला शंका आली. छायाचित्रकाराने पुन्हा त्याच जागी जाऊन नमुना मिळवला आणि 2012 साली त्या जातीचे रीतसर नामकरण झाले. कुठे आणि कधी पाहिले हे त्याला सांगता आले, म्हणूनच पुढचे सारे घडले.

आपल्या शाळा-महाविद्यालयांतील निसर्गमंडळांनी हा धडा घ्यावा. उत्कृष्ट चित्राला पारितोषिक देताना त्यासोबत तारीख, ठिकाण आणि वनस्पतीचे नाव मागावे. ‘जीवाला हात लावलेला नाही, पान तोडलेले नाही’ ही अट पहिली असावी. जैवविविधता कायदा 2002 साली झाला आणि त्या अन्वये गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करण्याचे काम आले. त्या कामालाही अशा नोंदी साह्य करतील. यासाठी कासला जाण्याचीही गरज नाही. शाळेच्या कुंपणाची भिंत आणि घरची कुंडी एवढे क्षेत्र एका वर्षाला पुरून उरेल.

कॅमेरा लहान वस्तू मोठी करून दाखवतो, हे त्याचे यांत्रिक काम झाले. तिला मोठी मानणे हे आपले काम आहे. कढीपत्त्याच्या पानावरचा तो डाग पुढच्या वेळी दिसेल, तेव्हा बोट मागे घ्यावे आणि क्षणभर वाकून पाहावे. चित्र घेतले नाही तरी चालेल.