युफुइन: ‘नाही’ म्हणणाऱ्यांचं गाव

जपान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं टोकियो. निऑन लाइट्स, बुलेट ट्रेन, माणसंच माणसं. पण बॉस, या वेळी जरा आडवाटेला वळूया. क्युशू बेटावर, ओइता प्रांतात, १,५८३ मीटर उंच युफु डोंगराच्या पायथ्याशी एक छोटंसं गाव आहे, युफुइन. सॉरी, होतं! १ ऑक्टोबर २००५ ला शेजारच्या हासामा आणि शोनाईबरोबर एकत्र करून त्याचं ‘युफु शहर’ झालं.

तेव्हा जपानभर हेच चाललं होतं. लोकसंख्या घटतेय, तिजोरीवर ताण, म्हणून गावं जोडा. १९९९ मध्ये ३,२३२ असलेल्या स्थानिक संस्था २०१० पर्यंत १,७२७ वर आल्या. पण युफुइनमधल्या अनेकांना हे पटलं नाही. कारण या गावाची ओळखच मुळी ‘नाही’ म्हणण्यातून घडलेली.

पहिला नकार १९५२ चा. धरणासाठी अख्खं खोरं बुडवायचा प्लॅन होता. गावातली तरुण मंडळी पेटून उठली आणि धरण बारगळलं. त्यांचे म्होरके डॉक्टर इवाओ हिदेकाझु १९५५ मध्ये महापौर झाले. १९७० मध्ये गोल्फ कोर्स येऊ घातला, त्यालाही नकार!

नुसतं ‘नाही’ म्हणून पोट भरत नाही, हेही त्यांना कळत होतं. डोंगरापलीकडे बेप्पू होतं. मोठाली हॉटेलं, बसभरून टुरिस्ट, रात्रीची धमाल. तसं व्हायचं नाही, मग कसं व्हायचं? १९७१ मध्ये इथले तीन तरुण हॉटेलवाले पन्नासेक दिवस युरोप फिरले. जर्मनीच्या बाडेनवायलर या गरम झऱ्यांच्या गावातून ते एकच गोष्ट शिकून आले: शांतता, हिरवळ आणि मोकळी जागा हाच खरा माल.

मग १९७५ चा भूकंप. ‘युफुइन संपलं’ अशी अफवा उठली, बुकिंग्ज धडाधड कॅन्सल. यांनी काय करावं? घोडागाड्या सुरू केल्या, म्युझिक फेस्टिव्हल भरवला. कुरणं विकली जाऊ नयेत म्हणून शहरातल्या लोकांना गाईंमध्ये पैसे गुंतवायला लावलेच होते. आता त्यांना बोलावून बीफ खायचं आणि डोंगराकडे तोंड करून जिवाच्या आकांताने ओरडायचं, अशी स्पर्धाच काढली! १९७६ मध्ये फिल्म फेस्टिव्हल, तोही गावात एकही थिएटर नसताना. १९८० च्या दशकाच्या शेवटी बिल्डर्सची लाट आली, तेव्हा १९९० मध्ये गावाने स्वतःचा नियम करून बांधकामांना वेसण घातली.

अर्थात, सगळं गोग्गोड नाही. स्टेशनपासून किनरिन तळ्यापर्यंतच्या रस्त्यावर आज सूव्हेनिअर शॉप्स आणि आइस्क्रीमवाल्यांची दाटी आहे. शांतता विकायला काढली की गर्दी होतेच!

आता गंमत नावाची. १९५५ मध्ये युनोहिरा गाव युफुइनमध्ये आलं, तेव्हा त्याच्या नावातलं ‘गरम पाणी’ या अर्थाचं अक्षर युफुइनच्या नावात घातलं. उच्चार तोच, लिहायचं वेगळं. स्टेशनवर मात्र जुनीच अक्षरं राहिली. २००५ च्या नव्या शहरानेही ‘युफु’ जुन्याच अक्षरांत घेतलं, आणि पत्त्यात १९५५ चं युफुइन अजून शाबूत आहे. नगरपालिका गेली, नाव तग धरून आहे.

जायचंच असेल तर फुकुओकातल्या हाकाता स्टेशनवरून ‘युफुइन नो मोरी’ ही हिरवीगार ट्रेन पकडा, साधारण सव्वादोन तास. अराता इसोझाकी यांनी डिझाइन केलेलं १९९० चं काळं लाकडी स्टेशन बघा. वेटिंग रूममध्येच आर्ट गॅलरी, प्लॅटफॉर्मवर गरम पाण्यात पाय सोडून बसायची सोय. आणि हो, एक रात्र मुक्काम कराच. संध्याकाळच्या गाड्या डे-ट्रिपवाल्यांना घेऊन गेल्या, की ज्यासाठी ही माणसं इतकी वर्षं भांडली ते गाव तुम्हाला भेटेल.